एकत्र म्हणजे एकत्र

ऑगस्टमधल्या त्या सकाळी व्हर्लीन स्टिडम तुरुंगाच्या फाटकाशी साडेसातलाच जाऊन उभी राहिली. सुटकेची वेळ नऊची होती, पण तिला घरी बसवेना. हातातल्या पिशवीत डस्टिनची जीन्स होती, एक पट्टा होता आणि फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव. पाव अजून कोमट होता. पावणेपाच वर्षांत पोराची कंबर किती उतरली असेल याचा अंदाज नव्हता, म्हणून पट्ट्याला तिनं घरीच खिळ्यानं दोन भोकं जास्तीची पाडली होती.

नऊला फाटक उघडलं. डस्टिन बाहेर आला तो बेड्यांसकट. दोन्ही बाजूंना गडद कोटातली दोन अनोळखी माणसं होती आणि मागं पांढरी गाडी चालू करून ठेवलेली होती.

"हे काय?" व्हर्लीन म्हणाली. "सुटला ना तो?"

"राज्यातून सुटला, बाई," त्यातला एक जण अदबीनं म्हणाला. "केंद्राची पाच वर्षं आता सुरू होतात."

"आता? आणि इतकी वर्षं काय झोपला होतात? दोन्ही शिक्षा एकत्र चालल्यात. राज्याच्या जज्जनं भर कोर्टात सांगितलंय. मी समोर बसले होते."

"राज्याचा जज्ज राज्यापुरतं सांगू शकतो. आम्हाला नाही सांगू शकत."

डस्टिन खाली बघत होता. "आई, घरी जा," एवढंच म्हणाला. गाडीचं दार लागलं. गाडी गेली.

व्हर्लीन पिशवी धरून तशीच उभी राहिली. फाटकावरचा शिपाई डॅरल तिला चार वर्षं ओळखत होता. दर आठवड्याला तिची पर्स तपासणारा तोच. तो जवळ आला आणि देवळातल्या रिवाजानं हाक मारून म्हणाला, "सिस्टर व्हर्लीन, बसता का जरा?"

"नाही बसत." तिनं फडक्यातला पाव त्याच्या हातात ठेवला. "घे, खा. प्रेमानं देत नाहीये, सांगून ठेवते. परत घरी न्यायला माझ्यात जीव नाही म्हणून देतेय."

---

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरात, जिथं दोन टेकड्यांच्या मधून फक्त ओढा आणि रस्ता जातो अशा एका घळीत, व्हर्लीनचा जन्म. नऊ भावंडांतली सहावी. एकोणिसाव्या वर्षी एस्टिल स्टिडमशी लग्न झालं. एस्टिल खाणीत होता. कोळशाच्या धुळीनं छाती भरून त्रेपन्नाव्या वर्षी गेला. व्हर्लीननं गावच्या शाळेच्या भटारखान्यात सत्तावीस वर्षं स्वयंपाक केला. रोज तीनशे पोरांचा. घंटा झाल्यावर येणाऱ्या पोराला न्याहारी द्यायची नाही असा एकदा नियम निघाला. वरच्या घळीतली बस ओढ्याला पाणी आलं की हमखास उशिरा यायची. हेडमास्तरांनी तीन लेखी सूचना पाठवल्या. व्हर्लीननं तिन्ही फ्रिजच्या दारावर नीट चिकटवल्या आणि वाढायची खिडकी उघडीच ठेवली.

"तुम्ही सूचना वाचलीत का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"रोज वाचते," ती म्हणाली. "दूध काढायला तिथंच जावं लागतं."

बाई भांडखोर नव्हती. तिचा आवाज कधी चढायचा नाही. तिच्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ महिन्यातून एकाच रविवारी भरायचं. बाजा नाही, पेटी नाही. मंडळीचा वडीलधारा, ब्रदर हॉबर्ट, एक ओळ म्हणे आणि सगळे ती ओळ लांबवून, घोळवून परत म्हणत. व्हर्लीनचा आवाज त्या गाण्यात वेगळा ओळखू यायचा नाही, पण ती आली नाही तर गाणं भुंडं वाटायचं असं लोक म्हणत.

आणि तिची एक सवय. गावातले मयताची तजवीज करणारे लोक दर डिसेंबरला घरोघरी एक कॅलेंडर देतात. वर डोंगराचं चित्र आणि खाली त्यांच्या पेढीचं नाव. तसं कॅलेंडर प्रत्येक स्वयंपाकघरात असतंच. व्हर्लीन त्याच्या रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायची. ऊन होतं की पाऊस, किती बरण्या घेवडा भरला, कोण वारलं, कुणाला पोर झालं. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून पलंगाखालच्या पेटीत जायचं. एस्टिल थट्टा करायचा, "आपल्याला पुरायला जे येणार, त्यांच्याच कागदावर आपण जगल्याचा पुरावा लिहितेस." ती म्हणायची, "फुकट मिळतो ना, मग लिहू दे."

डस्टिन तिचा एकुलता एक. तोही खाणीत गेला. छताचा दगड पाठीवर पडला आणि पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या. मग पाठ बरी झाली तरी गोळ्या सुटेनात. मग स्वतःच्या गोळ्यांसाठी तो दुसऱ्यांना विकायला लागला. एकदा आधीही सापडून शिक्षा झाली होती. दुसऱ्यांदा नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी पोलिसांनी त्याची गाडी अडवली तेव्हा खिशात गोळ्या होत्या आणि सीटच्या मागं बापाची शिकारीची बंदूक होती. गोळ्यांचा खटला राज्यानं भरला. एकदा शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, म्हणून बंदुकीचा खटला केंद्रानं भरला. संध्याकाळ एकच, गाडी एकच, माणूसही एकच. खटले मात्र दोन, दोन वेगवेगळ्या गावांत.

"त्यानं केलं ते केलं," व्हर्लीन कुणीही विचारलं तरी सांगायची. "शिक्षा नको असं मी देवापुढंही म्हटलं नाही. पण एका संध्याकाळची शिक्षा एकदाच भोगायची असते."

---

फाटकावरून ती थेट वकीलबाईकडं गेली. राज्याच्या खटल्यात कोर्टानं दिलेली ती वकील, जोएला कॅलोवे. आता तिनं कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावात, बुटांच्या दुकानावर स्वतःचं ऑफिस टाकलं होतं. व्हर्लीनला बघून ती उठूनच उभी राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "बसा, व्हर्लीन."

"आज मला सगळे बसाच म्हणतायत. उभ्या उभ्या सांग. कळेल असं सांग."

जोएलानं इकडंतिकडं बघितलं. खिडकीत एक काचेचं भांडं होतं. देवळातल्या जेवणावळीत कुणीतरी तिला त्यातून काही बांधून दिलेलं, परत करायचं राहिलेलं. तिनं ते उलटं केलं. बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईनं नाव.

"हे कुणाचं?"

"नाव लिहिलंय की. ओफा बेगलीचं."

"माझ्याकडं किती दिवस आहे?"

"तुझ्याकडं वर्षभर राहिलं तरी ओफाचंच."

"डस्टिनचं तसंच झालं. त्याला पहिलं धरलं राज्यानं. नावाची पट्टी राज्याची. केंद्रानं त्याला खटल्यापुरता उसना नेला, पाच वर्षं सुनावली आणि परत राज्याकडं पोचवला. मग राज्याच्या जज्जनं सहा वर्षं दिली आणि म्हणाला, दोन्ही एकत्र. पण केंद्राची शिक्षा सुरू कधी होते? माणूस केंद्राच्या ताब्यात पोचतो तेव्हा. तो पोचला आज. तोवरचे सगळे दिवस राज्याच्या खात्यात गेले."

व्हर्लीन त्या भांड्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तू तेव्हा मला विचारलं होतंस."

जोएलानं भांडं सरळ करून खिडकीत ठेवलं.

विचारलं होतं खरं. कोर्टाच्या जिन्यात. राज्यानं आपला ताबा सोडला तर डस्टिन आधी केंद्राच्या तुरुंगात जाईल, राज्याची शिक्षा तिथं बसूनच भोगून होईल आणि दोन्ही नक्की एकत्र चालतील. फक्त तो तुरुंग सातशे मैलांवर असेल, असं जोएला म्हणाली होती. डस्टिन म्हणाला होता, "आई सांगेल तसं." आणि आई म्हणाली होती, "जवळ ठेवा." राज्याचा तुरुंग घरापासून चाळीस मिनिटांवर होता. मंडळीचा रविवार सोडून दर रविवारी ती जायची, आणि मंडळीच्या आठवड्यात शनिवारी. जज्जनं 'एकत्र' म्हटल्यावर तिला वाटलं होतं, देवानं दोन्ही हातांनी दिलं. पोरगा जवळ आणि शिक्षाही एकच.

"तेव्हा मी जास्त जोर लावायला हवा होता," जोएला म्हणाली.

"मी तुझं ऐकलं नसतं." व्हर्लीननं पर्स काखेत मारली. "झालं ते झालं. आता कुणाशी भांडायचं ते सांग."

मार्ग एक होता. केंद्राच्या तुरुंग खात्याला अर्ज करता येत होता. राज्याचा जो तुरुंग होता तोच केंद्राच्या शिक्षेची जागा होती असं मागच्या तारखेपासून धरा, म्हणजे ते दिवस मोजले जातील. खातं मग शिक्षा देणाऱ्या केंद्राच्या जज्जला पत्र लिहून त्यांचं मत विचारतं. जज्ज हो म्हणाले तर बहुधा काम होतं. नको म्हणाले किंवा गप्प राहिले तर अर्ज कचऱ्यात.

"मग विचारा त्यांना."

"ते निवृत्त झाले. नवीन आलेत. त्यांच्यापुढं फक्त कागद असेल, आणि निकालाच्या कागदावर एकत्र की वेगळं यावर एक अक्षर नाही. अक्षर नसलं की कायदा वेगळं धरतो." जोएलानं पेन खाली ठेवलं. "त्या खटल्यात वकील मी नव्हते. तुम्ही होतात ना तिथं? जज्ज तोंडानं काही बोलले होते?"

"चार वर्षं झाली गं. आणि ते किती भरभर बोलतात."

"आठवा. आणि दुसरं, अर्ज डस्टिनच्या सहीनं जायला हवा. तुमच्या नाही."

---

डस्टिनची कडक आत्या, म्हणजे व्हर्लीनची नणंद इमोजीन, एस्टिलची धाकटी बहीण. व्हर्लीनची आणि तिची चाळीस वर्षांची नोकझोक. इमोजीनकडं धड चालणारी गाडी होती आणि व्हर्लीनला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटायची, त्यामुळं सप्टेंबरात डस्टिनला भेटायला दोघी निघाल्या. सातशे मैल. व्हर्लीननं ज्याला चार वर्षांपूर्वी नको म्हटलं होतं, अगदी तेवढंच अंतर.

"तेव्हाच पाठवला असतास तर आज घरी असता," टेनेसीत शिरताना इमोजीन म्हणाली.

"माहितेय."

"मी म्हटलं होतं तुला. पदराला बांधून ठेवू नकोस."

"तू म्हटलं नव्हतंस. तू म्हटलं होतंस, बरं झालं, जवळ आहे तर मलाही येता येईल. आणि आलीस किती वेळा? दोनदा."

"मला तिथला वास सोसत नाही."

"मग समोर बघून गाडी चालव."

असे साठ मैल गेले. मग इमोजीननं न बोलता खारे दाणे पुढं केले आणि व्हर्लीननं न बोलता घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाच्या दारात नवीच अडचण. व्हर्लीननं देवळात घालायचा तिचा चांगला मातकट रंगाचा झगा घातला होता. दारावरची बाई म्हणाली, "हा रंग चालणार नाही. आतल्या कैद्यांचे कपडे याच रंगाचे असतात."

"अहो, मी अडुसष्ट वर्षांची. मला कोण कैदी समजेल?"

"नियम आहे."

व्हर्लीन गाडीकडं परत गेली. इमोजीन गाडीत शब्दकोडं सोडवत बसली होती. "आपण कपडे बदलू. तुझा तो सदरा काढ," व्हर्लीन म्हणाली.

सदरा लालभडक होता आणि छातीवर भला मोठा फुललेला कोंबडा होता. इमोजीननं तो कुठल्याशा जत्रेत जिंकला होता.

"तू? हा घालणार?" इमोजीन पोट धरून हसायला लागली. "ब्रदर हॉबर्टनं बघितलं तर मंडळीतून नाव कापेल तुझं."

"ब्रदर हॉबर्ट इथं नाहीये. काढ म्हणते ना."

तो कोंबडा छातीवर मिरवत ती आत गेली. डस्टिननं तिला बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. पण अर्जाचं नाव काढताच त्याचा चेहरा बंद झाला. भिंतीतल्या यंत्रातलं थंडगार सँडविच त्यानं समोर तसंच ठेवून दिलं.

"नको, आई."

"का नको?"

"एकदा 'एकत्र' ऐकलं आणि जवळजवळ चार वर्षं रोज एक एक दिवस खोडत गेलो. शेवटच्या दिवशी बूट घालून बसलो होतो. फाटक उघडलं आणि कळलं, मी शून्यावर उभा आहे." तो टेबलाकडं बघत बोलत होता. "आता पाच वर्षं म्हटलंय, तर पाच वर्षं. परत मोजायला लावू नकोस मला. तेवढं बळ नाही राहिलं."

व्हर्लीनला त्याचा हात धरायचा होता, पण मध्येच हात धरायची परवानगी नव्हती. आल्यावर एकदा आणि जाताना एकदा, एवढंच. तिनं दोन्ही हात कोंबड्यावर घट्ट बांधले.

"कुणी सांगितलं तुला मोजायला?" ती म्हणाली. "तू नकोच मोजू. जेव, झोप, जे काम देतील ते कर. मोजायचं काम माझं. चार वर्षं मी पण गेलेय त्या फाटकातून. माझे रविवार कुणी शून्य म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. सही तेवढी कर."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मला म्हणतील. तुला नाही."

त्यानं सँडविच बाजूला सारलं. मग म्हणाला, "जवळ ठेवा म्हणालीस त्याचा राग नाही मला. कधीच नव्हता. तू ते मनात धरून बसलीयस, ठाऊक आहे मला."

"मी काही धरून बसलेली नाही."

"आई."

"बरं, धरून बसलेय. मग? सही कर."

त्यानं त्या आठवड्यात सही करून अर्ज आतल्या ऑफिसात दिला.

---

घरी आल्यावर व्हर्लीननं पलंगाखालची पेटी ओढली. पंधरा सालचं, केंद्रानं शिक्षा सुनावली त्या वर्षाचं, कॅलेंडर काढून ओट्यावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर चार बरण्या ठेवल्या आणि जुलैवर भिंग धरलं. केंद्राच्या कोर्टात निकालाच्या दिवशीही फोन आत नेऊ देत नाहीत. त्या दिवशी तिनं जुलैचं पान फाडून घडी करून पर्समध्ये नेलं होतं आणि बाहेर आल्यावर गाडीत बसून लिहिलं होतं. मग घरी येऊन पान परत चिकटवलं होतं. चौकटीत अक्षरं मुंगीएवढी.

'कडक ऊन. पाच वर्षं. डस्टिन रडला नाही. जज्ज म्हणाले राज्यानं एकत्र केलं तर माझी हरकत नाही. घरी येऊन घेवडा, चौदा बरण्या.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग ओट्याला टेकून तिथंच उभ्या उभ्या डोळे मिटले आणि ओठ हलवले. मोठ्यानं प्रार्थना करायची तिला कधी सवय नव्हती.

इमोजीन चौकट बघून म्हणाली, "हे तू कोर्टाला दाखवणार? खाली घेवडा लिहिलाय."

"घेवडाही खराच होता."

जोएला मात्र खुर्चीतून उठली. "हा पुरावा म्हणून नाही चालणार," ती म्हणाली. "पण जज्ज तोंडानं बोलले असतील तर ते टिपून घेणारी बाई तिथं बसलेली असते. तिच्या टिपणात असणारच. ते टाइप करून मागवू. तारीख आहे आपल्याकडं, आणि काय शोधायचं तेही माहिती आहे."

टिपून घेणारी बाईही निवृत्त झाली होती. टिपणं कुठल्याशा गोदामात. अर्ज गेला, उत्तर आलं की कागद सापडत नाहीत. जोएलानं परत लिहिलं. व्हर्लीननं सोमवारी आणि गुरुवारी कोर्टाच्या ऑफिसला फोन लावायचा नेमच धरला.

"कोण बोलतंय?"

"व्हर्लीन स्टिडम."

"बाई, तुम्ही सोमवारी फोन केला होतात."

"हो. आज गुरुवार."

"सापडलं की आम्ही कळवू."

"कळवाच. पण नाही कळवलंत तर मी आहेच सोमवारी."

तिसऱ्या आठवड्यात पलीकडचा मुलगा तिचा आवाज ऐकल्याबरोबर म्हणायला लागला, "नमस्कार, मिसेस स्टिडम, अजून नाही." पाचव्या आठवड्यात त्यानं हळूच विचारलं, "घेवड्याच्या बरण्या किती दिवस टिकतात हो? माझ्या आजीनं ठेवलेल्या आहेत." तिनं त्याला सगळं सांगितलं, झाकण कसं दाबून बघायचं ते सुद्धा. सातव्या आठवड्यात टिपण सापडलं. त्याच्या आजीच्या बरण्यांशी त्याचा काही संबंध होता असं व्हर्लीन मानत नाही. तिच्या मते सोमवार-गुरुवारला लोक कंटाळले.

टाइप केलेल्या अठ्ठावीस पानांतल्या पंचविसाव्या पानावर जुन्या जज्जचे शब्द होते. चौकटीतल्यापेक्षा थोडे लांबट, पण तेच. राज्याचा निकाल अजून व्हायचा आहे, तो याच प्रसंगाचा आहे, राज्यानं दोन्ही शिक्षा एकत्र चालवायच्या ठरवल्या तर या कोर्टाची हरकत नाही. निकाल लिहिताना ते वाक्य कागदावर यायचं राहून गेलं होतं.

जोएलानं ते पान नव्या जज्जकडं आणि तुरुंग खात्याकडं एकाच दिवशी पाठवलं. आणि मग फक्त वाट बघणं राहिलं. नोव्हेंबर गेला. डस्टिनचा फोन आला की व्हर्लीन हवेचं बोलायची, इमोजीनच्या गुडघ्याचं बोलायची. पंधरा मिनिटांनी फोन आपोआप तुटायचा. तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. मोजायचं काम तिचं होतं.

मंडळीच्या रविवारी ब्रदर हॉबर्टनं तिला बाजूला घेतलं. भला माणूस. त्यानं एस्टिलला पुरलं होतं. "सिस्टर व्हर्लीन," तो म्हणाला, "कधी कधी देवाची इच्छा म्हणून स्वीकारावं लागतं."

"देवाची इच्छा असेल तर स्वीकारीन, ब्रदर हॉबर्ट," ती म्हणाली. "पण अजून उत्तर फक्त ऑफिसातून यायचंय."

---

पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, नव्या वर्षाच्या कॅलेंडराबरोबर एकाच टपालपेटीत. व्हर्लीननं आधी कॅलेंडर बाहेर काढलं, मग पत्र. चष्मा पुसला. भाषा जड होती, पण तारखा कळत होत्या. नव्या जज्जनी हरकत नाही असं लिहून कळवलं होतं. खात्यानं राज्याचा तुरुंग शिक्षेची जागा म्हणून धरला होता, राज्यानं शिक्षा सुनावली त्या ऑक्टोबरपासून. सेहेचाळीस महिने मोजले गेले. चांगल्या वागणुकीची सूट धरून सुटकेची तारीख: तेरा जानेवारी.

संध्याकाळी डस्टिनचा फोन आला तेव्हा तिनं तारीख वाचून दाखवली. पलीकडून काही आवाज येईना.

"आहेस का?"

"आहे."

"जानेवारीची तेरा. पाच आठवडे राहिले. आता मोजलंस तरी चालेल."

तो रडत होता. ती त्याच्या बरोबर फोन धरून बसली, पंधरा मिनिटं संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जोएलाकडं जाऊन तिनं पहिलं काय विचारलं, तर, "आणि अकरा महिने?"

"कुठले?"

"धरल्यापासून राज्यानं शिक्षा सुनावेपर्यंत तो आतच होता की. नोव्हेंबर ते ऑक्टोबर. ते यात नाहीत."

"ते राज्याच्या शिक्षेत मोजले गेले, व्हर्लीन. एक दिवस दोनदा वजा करत नाहीत. कायदाच आहे तसा."

"विचारून बघायला काय हरकत आहे?"

"नाही म्हणतील."

"म्हणू देत की. लेखी म्हणू देत."

जानेवारीच्या तेरा तारखेला ती आणि इमोजीन फाटकाशी साडेसातला उभ्या होत्या. या वेळी झगा निळा. पिशवीत जीन्स, पट्टा आणि फडक्यात पाव. सातशे मैलांत पाव गार झाला होता, पण मोटेलमधल्या बाईकडून तिनं सकाळी तो जरा गरम करून आणला होता. डस्टिन एकटाच बाहेर आला. त्यानं हात पुढं केले तेव्हा मनगटं मोकळी होती. व्हर्लीननं ती आधी बघितली आणि मग त्याला जवळ घेतलं. कुणी वेळ लावून उभं नव्हतं, म्हणून बराच वेळ घेतलं.

पट्ट्याला खिळ्यानं पाडलेल्या दोन भोकांतलं आतलं लागलं.

गाडीत त्यानं अर्धा पाव संपवला. इमोजीन आरशातून बघत म्हणाली, "काय रे, तुला काही वाटतं का? तुझ्या आईनं मला दोनदा सातशे मैल पळवलंय. जवळ होतास तेच बरं होतं म्हणायचं."

"तेच बरं होतं," व्हर्लीन म्हणाली. "आज विचारलं तरी मी जवळच ठेवा म्हणेन. आणि एकत्र म्हणालात तर एकत्रच मोजा, हेही म्हणेन." मग पर्समधून तिकीट लावलेलं एक पाकीट काढून तिनं मांडीवर ठेवलं. "पुढं टपालपेटी दिसली की थांबव."

"आता कसलं पत्र?" डस्टिननं विचारलं.

"अकरा महिने राहिलेत."

"आई, मी बाहेर आलोय."

"आलायस. आणि पुढची तीन वर्षं केंद्राच्या देखरेखीखाली दर महिन्याला त्यांच्या माणसापुढं जाऊन उभं राहायचं आहे ना तुला? त्यातून वजा करा म्हणावं." तिनं पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा तपासला. "डावीकडं बघ, इमोजीन. ती निळी पेटी. हळू घे, मागून ट्रक येतोय."